आसन सोडण्याचा व्यायाम

पहाटे तासभर झपाट्याने चालणे हा प्रस्तुत लेखकाचा गेल्या चार वर्षांचा नेम आहे, आणि त्याबद्दल त्याला थोडासा अभिमानही आहे. गेल्या महिन्यात एके सकाळी असाच फिरून, स्नान आटोपून तो महाविद्यालयाच्या गावी जाणाऱ्या एसटीत खिडकीजवळ बसला होता. वाटेतल्या एका थांब्यावर एक वृद्ध बाई चढल्या. एका हातात जड पिशवी, दुसऱ्या हाताने दांडी घट्ट धरलेली. लेखकाने त्यांना पाहिले आणि पाहताक्षणी हातातले वर्तमानपत्र जरा वर उचलले. पुढच्या थांब्यावर कोणी तरी उतरेल, शेजारचा तरुण उठेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. अखेर उठली ती कडेवर मूल असलेली एक मजूर स्त्री! तासभर चालू शकणाऱ्या पायांना वीस मिनिटे उभे राहणे का जमू नये, हा प्रश्न त्या दिवशी वर्गात शिकवतानाही मनातून जाईना.

हा प्रश्न एकट्या लेखकाचा असता तर तो चारचौघांत मांडण्याचे कारण नव्हते. अलीकडे आपल्या लहानमोठ्या शहरांत व्यायामाची आस्था वाढली आहे. पहाटे मैदाने फुललेली दिसतात, दिवसभरात किती पावले चाललो याचा हिशेब लोक मोबाईलवर ठेवतात. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० मधील शिफारस आता कचेऱ्यांतून सहज बोलली जाते. हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु तीच निरोगी, चपळ माणसे बसस्थानकावर येतात तेव्हा काय दिसते? गाडी थांबण्यापूर्वी खिडकीतून रुमाल आत पडतो, रांग क्षणार्धात मोडते, उतरणाऱ्यांना वाट मिळत नाही, आणि मोबाईलवरील गाणे साऱ्या गाडीला सक्तीने ऐकावे लागते. शरीर सुधारत चालले आहे, पण सहप्रवाशाशी असलेले नाते मात्र सुधारत नाही.

याचे कारण एका गैरसमजुतीत आहे. आरोग्य रोजच्या परिश्रमाने मिळवावे लागते, हे आपण मान्य करतो. सौजन्य मात्र बालपणी झालेल्या संस्कारातून एकदाच मिळते आणि जन्मभर पुरते, असे धरून चालतो. वस्तुतः दोन्हींचा व्यवहार सारखाच आहे. दोन्हींत किंमत आज आणि रोख मोजावी लागते. फळ मिळते ते उद्या, किंवा दुसऱ्याला. अशा व्यवहारात मनुष्य चालढकल करतो आणि त्यासाठी त्याला कारणांची वाण पडत नाही. आज पाऊस आहे, काल जागरण झाले, म्हणून फिरणे राहते. आज मी थकलो आहे, तरुण पुष्कळ आहेत, म्हणून जागा सोडणे राहते. रोज पहाटे उठून ‘फिरायला जावे की न जावे’ याचा नव्याने विचार करणाऱ्याचा व्यायाम महिनाभरही टिकत नाही. तो नेम ज्याने आधीच ठरविलेला असतो, त्याचाच टिकतो. जागा देण्याचेही तसेच आहे. वृद्ध माणूस समोर आल्यावर विचारविनिमय सुरू केला, की वर्तमानपत्र वर गेलेच म्हणून समजावे.

प्रवास आणि आरोग्य यांचा संबंध दाखविणारे एक प्रसिद्ध संशोधन येथे आठवते. डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना करून १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दिवसातून शेकडो पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. पुढील संशोधनाने तपशिलांत भर पडली, पण शरीराच्या हालचालीचे महत्त्व निर्विवाद ठरले. त्या वाहकांनी आरोग्यासाठी वेगळा वेळ काढला नव्हता. त्यांचा व्यायाम त्यांच्या कामातच मिसळलेला होता. सौजन्यही दिवसाच्या व्यवहारात असेच मिसळले, तरच टिकते.

यावर कोणी म्हणेल, की गाड्याच अपुऱ्या असताना सौजन्याचा उपदेश कशाला? आक्षेप अगदीच गैरलागू नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला, मार्च २०२३ मध्ये महिलांना भाड्यात निम्मी सवलत मिळाली, आणि पूर्वी घरी राहणारी पुष्कळ माणसे प्रवासाला निघाली. गाड्या वाढल्या पाहिजेत, ही मागणी रास्तच आहे. तथापि रिकाम्या गाडीत कोणाला सौजन्याची गरज पडत नाही. जागा तुटपुंजी असते तेव्हाच तिच्या वाटपाचा प्रश्न उद्भवतो. सरकारने सवलत दिली ती भाड्यात. बसायची जागा सहप्रवाशानेच द्यायची असते.

टंचाईतही माणसे नियम निर्माण करतात, याचा पुरावा मुंबईच्या लोकलमध्ये रोज मिळतो. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू द्यावे, हे पाठीवर थाप मारून सांगावे लागत नाही. नित्याच्या सोबत्यांत तर बसलेला अर्ध्या वाटेत उठून उभ्याला जागा देतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीला २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते अशाच विषयाच्या अभ्यासाबद्दल. कुरणे, जंगले, पाटाचे पाणी यांचा सामायिक उपभोग घेणारे लोक आपसांत नियम करून ते पाळू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. परंतु असे नियम बहुधा एकमेकांना पुनःपुन्हा भेटणाऱ्यांत रुजतात. म्हणूनच आपसांत इतका उदार असलेला लोकलमधील गट एखाद्या परक्या प्रवाशाला दारातून आत शिरू देत नाही. ओळखीच्या माणसाशी सौजन्याने वागण्यात परतफेडीची हमी असते. एसटीतल्या त्या वृद्ध बाई पुन्हा कधी भेटणार नव्हत्या. तेथे परतफेड नाही, कोणाची देखरेख नाही. तेथे उपयोगी पडते ती केवळ अंगवळणी पडलेली सवय.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले. मोठ्या खर्चाच्या साधनांवाचून, थोड्या जागेत आणि रोज करता येणारा हा व्यायाम आहे. त्याच्या नावातच नमस्कार आहे, ही गोष्ट आपण सहसा ध्यानी घेत नाही. दोन माणसे भेटल्यावर जे करतात, तेच या व्यायामाचे नाव आहे.

लेखकाने आपल्यापुरता एक साधा नियम केला आहे. सकाळच्या गाडीत खिडकीजवळ न बसता वाटेकडेच्या आसनावर बसायचे, म्हणजे उठणे सोपे जाते. वर्तमानपत्र गाडीत उघडायचे नाही. महिनाभरात तीन वेळा उठणे झाले, एकदा मन मोडले. चालण्याच्या पहिल्या महिन्यातही खाडे याहून अधिक होते.