तासाला तीन डॉलर

दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे, आणि या नावाचा आधार घेऊन पुष्कळ सोवळ्या घरांतूनसुद्धा त्या दिवशी पत्त्यांचा जोड बाहेर निघतो. साक्षात शंकर-पार्वती सारीपाट खेळले, मग आपण तीन पत्तीचे चार डाव मांडले तर काय बिघडले, असा युक्तिवाद असतो. (त्या खेळात शंकर हरले, हा भाग युक्तिवादात सहसा येत नाही.) त्याच पाडव्याला व्यापारी नव्या वहीची पूजा करतो. जुगार आणि जमाखर्च यांची गाठ एकाच दिवशी ज्याने कोणी घातली, त्याला माणसाची चांगली पारख असली पाहिजे. खेळात आपण कमावले की गमावले हे वही न ठेवणाऱ्याला कधीच कळत नाही, हे तर आपण सगळेच जाणतो. पण वही नीट ठेवणाऱ्यालाही ते फार फार उशिरा कळते. ही दुसरी गोष्ट तितकीशी कोणी बोलत नाही. आज तीच सांगायची आहे.

त्यासाठी महाराष्ट्रात उदाहरण शोधण्यात अर्थ नाही. आपल्या विधिमंडळाने १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अमलात आलाच नाही, आणि २०२३ साली तो रद्द झाला. गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे उभी आहेत, पण मला जो खेळ सांगायचा आहे त्याचे माहेर अमेरिका. तिथल्या नेवाडा राज्याने १९३१ साली, मंदीच्या ऐन काळात, जुगार कायदेशीर केला आणि लास व्हेगास नावाचे वाळवंटातले गाव जगाला ठाऊक झाले. सिनेमात दिसते ते व्हेगास झुंबरांचे आणि लाखांच्या पैजांचे. आपल्याला तिकडे जायचे नाही. आपल्याला त्या झुंबरांखालून सरळ चालत जाऊन पत्त्यांच्या खोलीतले सर्वांत स्वस्त टेबल गाठायचे आहे. तिथे खिशात चष्म्याचे घर असलेली, अंगात स्वेटर घातलेली निवृत्त मंडळी बसतात. एक डॉलर, दोन डॉलर, फार झाले तर पाच डॉलर, अशा बेताने त्यांचा खेळ चालतो.

या खेळाचे नाव सेव्हन कार्ड स्टड. प्रत्येकाला आधी दोन पाने पालथी आणि एक उताणे मिळते. मग एकेक करून तीन पाने उताणी, आणि शेवटचे सातवे पुन्हा पालथे. या सातांतून उत्तम पाच निवडायची. पहिल्या तीन पानांनंतर आणि मग प्रत्येक पानानंतर पैज लावायची संधी असते, म्हणजे एकूण पाच वेळा. आपल्या टेबलावर ती पैज एक ते पाच डॉलरांतली. पुष्कळ ठिकाणी या स्वस्त टेबलावर बूट भरावा लागत नाही; ज्याचे उताणे पान सर्वांत हलके त्याने एक डॉलर टाकून तोंड उघडायचे, एवढाच नियम. आठजण खेळायला बसतात. सात आठे छप्पन्न, आणि जोडात पाने बावन्न! सगळेच शेवटपर्यंत टिकले तर पाने पुरायची नाहीत. तशी वेळ आली तर शेवटचे एकच पान मध्ये उताणे ठेवून ते सर्वांचे मानतात. ती वेळ येत नाही, कारण बहुतेकांनी बहुतेक डाव आधीच सोडलेले असतात. निदान सोडायला हवेत.

तीन पत्ती खेळणाऱ्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, नाहीतर पहिल्याच दिवशी भांडण व्हायचे. आपल्याकडे सिक्वेन्स कलरला मारतो. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. यात कोणी कोणाचे चोरलेले नाही. तीन पानांत साधे सिक्वेन्स ७२० तऱ्हांनी जमतात आणि कलर १,०९६ तऱ्हांनी. पाच पानांत मात्र सिक्वेन्स १०,२०० आणि कलर अवघे ५,१०८. दुर्मिळाचा मान मोठा. ट्रेल मात्र दोन्हीकडे सारखीच दुर्मिळ असते. पहिली तिन्ही पाने एकसारखी येण्याचा योग ४२५ डावांत एकदा. तासाला ३० डाव होतात असे धरले तर चौदा तास बसावे तेव्हा एकदा हे भाग्य, आणि त्याच डावात सगळ्यांनी पाने टाकून दिली की एका डॉलरवर समाधान मानायचे.

खेळात कसब आहे का? आहे, आणि ते मुख्यतः स्मरणशक्तीचे आहे. समजा, तुमची पहिली तिन्ही पाने बदामाची. सातव्या पानापर्यंत बदामाचा कलर जमेल का? उत्तर तुमच्या हातात नसून समोरच्या सातजणांच्या उताण्या पानांत आहे. तिथे एकही बदाम नसेल तर कलर जमण्याचा संभव शंभरात तेवीस-चोवीस. तिथे तीन बदाम दिसले असतील तर तोच संभव शंभरात जेमतेम बारा. पाने तीच, पण किंमत निम्मी. आणि गंमत म्हणजे डाव सोडणारा आपले उताणे पान पालथे करून परत देतो. कोणते पान गेले, हे पुढे तुम्ही लक्षात ठेवायचे. शेजारी नातवाचे कौतुक सांगत असतो, चहा-कॉफी फिरत असते, आणि दोन मिनिटांपूर्वी पलीकडच्या बाईंनी टाकलेली बदामाची नव्वी होती की चौकटची, यावर तुमचे पाच डॉलर अवलंबून असतात. झब्बूतली पाने लक्षात ठेवणाऱ्या आपल्याकडच्या आजीबाई या टेबलावर उपाशी राहिल्या नसत्या असे माझे प्रामाणिक मत आहे.

बरे, जिंकायचे कोणाकडून? कॅसिनो या खेळात भिडू नाही. तो फक्त जागा देतो, पाने वाटणारा माणूस देतो आणि त्याबद्दल प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो. आपल्याकडे अड्ड्यावर याला ‘नाल’ म्हणतात. मोठ्या पैजांच्या टेबलावर नाल कोणाच्या डोळ्यांत येत नाही. स्वस्त टेबलावर ती उंदरासारखी पोते कुरतडते. धरून चाला की डावामागे सरासरी अडीच डॉलर नाल जाते. तासाला ३० डाव म्हणजे ७५ डॉलर, आणि आठ खुर्च्यांवर वाटले तर खुर्चीमागे नऊ-साडेनऊ. शिवाय डाव जिंकला की पाने वाटणाऱ्याला एखादा डॉलर बक्षिशी द्यायची पद्धत आहे. ते तासाला आणखी साडेतीन-चार. म्हणजे एका तासाला सुमारे तेरा डॉलर प्रत्येकाच्या पुढ्यातून उठून जातात. कोणी वाईट खेळले नाही, कोणाचे नशीब फुटले नाही, तरी जातात. सगळे सारख्याच हुशारीने खेळले तर सगळेच हरतील! म्हणूनच तासाला तीन डॉलर निव्वळ मिळवायचे तर बाकीच्या सातजणांकडून सोळा काढावे लागतात.

तेव्हा तासाला तीन डॉलर मिळवणारा माणूस हा या टेबलावरचा चांगला, मेहनती, डोके शांत असणारा खेळाडू समजावा. तीन डॉलर ऐकून हसू नका. पेन्शनीत आठवड्याची भाजी निघाली तर ती कोणाला नको असते? खरा प्रश्न वेगळाच आहे. आपण तसे खेळाडू आहोत, हे त्याला कळावे कसे?

कारण तीन डॉलर ही सरासरी झाली. प्रत्यक्षात कुठल्याही एका तासात त्याला तीन डॉलर मिळत नाहीत. एका तासाला तो चाळीस घेऊन उठतो, दुसऱ्या तासाला तीस घालवतो. या हेलकाव्याचे माप आपण तासाला ३५ डॉलर धरू. म्हणजे तीन तासांपैकी साधारण दोन तास सरासरीच्या अलीकडे-पलीकडे पस्तिसाच्या आत जातील, आणि तिसरा त्याहून बाहेर. तीनाच्या कमाईवर पस्तिसाचा हेलकावा! शेरभर दूध मोजायला लाकडाच्या वखारीतला तराजू आणावा, तशातला हा प्रकार.

अब्राहम द मॉयव्हर नावाचा एक फ्रेंच गणिती धर्मच्छळामुळे मायदेश सोडून लंडनला आला आणि शिकवण्या करून, जुगाऱ्यांना संभवाचा हिशोब सांगून कॉफीगृहांतून पोट भरत राहिला. त्याने १७३३ साली जे गणित मांडले ते या टेबलाला तंतोतंत लागू पडते. तास चौपट झाले की कमाई चौपट होते, पण हेलकावा केवळ दुप्पट होतो. तेव्हा पुष्कळ खेळत राहिले तर कमाई एक दिवस हेलकाव्याच्या वर डोके काढील. पण कधी?

आपला पेन्शनर दर शनिवारी चार तास खेळतो. पंचवीस शनिवार, म्हणजे सहा महिने झाले. वहीत शंभर तास जमले. कमाई असायला हवी ३०० डॉलर, आणि हेलकावा ३५०. याचा अर्थ असा की अशा चांगल्या पाच खेळाडूंपैकी एकाच्या वहीत सहा महिन्यांनंतर तोटा दिसेल. त्याने काही चुकवलेले नाही, तरी दिसेल. आता त्याच्या शेजारी बसणारा दुसरा एक घ्या. तो तासाला तीन डॉलर हरण्याच्या लायकीचाच खेळतो. अशा पाचांपैकी एकाच्या वहीत सहा महिन्यांनंतर नफा दिसेल. पहिला बिचारा खेळ आपल्याला जमत नाही म्हणून घरी बसतो. दुसऱ्याची छाती फुगते, तो महागड्या टेबलावर जाऊन बसतो. कदाचित नोकरीत असला तर राजीनाम्याचाही विचार करू लागतो. दोघांनी वही प्रामाणिकपणे ठेवली आहे. वहीने दोघांनाही फसवले आहे.

दोन वर्षे गेली, चारशे तास भरले. आता कमाई १,२००, हेलकावा ७००. तरीही तेवीस चांगल्या खेळाडूंत एकजण तोट्यातच असतो. हजार तास व्हायला पाच वर्षे लागतात; तेव्हा मात्र तीनशेंत एखादाच अभागी उरतो. पाच वर्षे शनिवारामागून शनिवार, नातवंडांच्या मुंजी-वाढदिवस चुकवून! आणि तोवर पैसे टिकायला हवेत हा निराळाच प्रश्न. हाच तासाला तीन मिळवणारा गृहस्थ खेळासाठी २०० डॉलर बाजूला काढून बसला, तर केव्हा ना केव्हा त्याचे सगळे पैसे संपण्याचा संभव तिनात एकाहूनही जास्त. ६०० घेऊन बसला तर वीसात एक. आणि ज्याची सरासरी शून्य किंवा उणे आहे, तो कितीही घेऊन बसला आणि पुरेसा बसला, तर संपणारच.

माणसे या हेलकाव्यांना काय काय नावे देतात! कोणी खुर्ची बदलतो, कोणी नवा जोड मागवतो, कोणी पाने वाटणाऱ्याचा हात वाईट म्हणतो. मला यातला एक प्रकार मात्र खरोखर धोक्याचा वाटतो. वीस डॉलर मिळाले की हा गृहस्थ उठतो. हरू लागला की ‘परत मिळवल्याशिवाय उठायचे नाही’ म्हणून रात्रभर बसतो. पाचांपैकी चार दिवस तो वीस-वीस घेऊन घरी येतो, पाचव्या दिवशी दीडशे ठेवून येतो. आठवड्याची बेरीज सत्तर डॉलर तोटा; पण घरच्यांना, मित्रांना आणि मुख्यतः स्वतःला तो शपथेवर सांगू शकतो की मी पाचांत चार वेळा जिंकतो. खोटे एक अक्षर नाही! शिवाय दमलेला, चिडलेला माणूस पहाटे तीन वाजता जे पान टाकायचे ते ठेवतो, तो तोटा वेगळाच. वही ठेवताना म्हणूनच दिवसापुढे केवळ रक्कम लिहून भागत नाही. किती तास बसलो हेही लिहावे लागते. तासांच्या रकान्यात हा गृहस्थ पकडला जातो: जिंकलेल्या दिवशी एक तास, हरलेल्या दिवशी नऊ.

आता आपल्या प्रामाणिक पेन्शनरचे पुढे काय व्हायचे ते पाहा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अटलांटिक सिटी आहे. तिथे पहिला कॅसिनो १९७८ साली निघाला, पण पोकरला परवानगी १९९३ साली मिळाली, आणि सुरुवातीच्या वर्षांत तिथे स्टडचीच चलती होती. ताजमहाल (होय, नाव तेच) हा १९९० साली उघडलेला कॅसिनो आपल्या पोकरच्या खोलीबद्दल प्रसिद्ध होता. पुढे २००३ साली टेनेसीचा एक हिशोबनीस, आडनावाने मनीमेकर, शंभर डॉलरहूनही कमी प्रवेश-फीच्या इंटरनेटवरच्या स्पर्धेतून लास व्हेगासच्या मोठ्या सामन्याला पोचला आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन घरी गेला. तो खेळला ते होल्डेम. त्यात पाच पाने मध्ये सगळ्यांची मिळून असतात, टाकलेली पाने आठवत बसावे लागत नाही, आणि टेलिव्हिजनवर ते झकास दिसते. मग तरुण मंडळी झुंडीने आली आणि तेच मागू लागली. कॅसिनोला खुर्चीमागे नाल हवी. ती जिथे भराभर मिळेल तिथे त्याने टेबले वळवली. स्टडची टेबले एकेक करून उठली. ताजमहालही २०१६ साली बंद पडला.

स्वस्त स्टडचे टेबल आजही कुठे कुठे एखाद्या खोलीत मांडलेले सापडते, सकाळच्या वेळी, आठ भिडू जमले तर. पण ज्याने पहिले पान वहीत २००२ साली लिहिले असेल, त्याचे हजार तास भरायला २००७ साल उजाडायला हवे होते. तेवढ्यात आपल्या नेहमीच्या खोलीतले टेबल गेले असेल, तर त्याच्या वहीत साडेतीनशे-चारशे तास आणि काही शे डॉलर नफा एवढेच उरले, आणि पुढची पाने कोरी.