गृहव्यवहार : नांव देवगडचें, आंबा कोणाचा ?

बाजारांत वस्तूच्या आधीं वस्तूचें नांव विकलें जातें. दुकानांत जाऊन, जिन्नस हातांत घेऊन, उलटसुलट पाहून खरेदी करण्याची चाल होती तोंपर्यंत डोळे, नाक व बोटें हीं त्या नांवाची साक्ष काढीत असत. आतां अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांतील घरांची पुष्कळशी खरेदी मोबाइलच्या पडद्यावर होऊं लागली आहे. तेथें वास नाहीं, स्पर्श नाहीं, वजन नाहीं. चित्र, नांव आणि किंमत एवढेंच काय तें दिसतें. खऱ्याचें चित्र खोट्यास लावतां येतें, आणि नांव लिहावयास कांहीं खर्च पडत नाहीं. अशा स्थितींत प्रामाणिक विक्रेत्यानें स्वस्त नकली मालापुढें टिकाव धरावा कसा, हा प्रश्न व्यापाऱ्यांचा म्हणून आपण सोडून देतों. परंतु तो घरांतील कर्त्या स्त्रीपुरुषांचाहि तितकाच आहे, हें एका घरगुती उदाहरणानें दाखविण्याचा या महिन्यांत आमचा विचार आहे.

तें उदाहरण म्हणजे हापूस आंबा. चैत्र लागला कीं इमारतींच्या फाटकांशीं टेंपो उभे राहतात, आणि मोबाइलवर ‘थेट देवगडच्या बागेंतून घरपोंच’ असे निरोप येऊं लागतात. पेटीवर ठळक अक्षरांत ‘देवगड हापूस’ असें छापलेलें असतें. आंत गवत असतें, क्वचित् मराठी वर्तमानपत्राचा कागदहि असतो, म्हणजे पेटी कोंकणांतच भरली असावी असा ग्राहकाचा समज व्हावा! फळ मात्र कित्येकदां कर्नाटकांतलें असतें. दोघांची जात एकच. परंतु कोंकणचा आंबा जांभ्या दगडाच्या कातळावर, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत वाढतो, आणि त्या भूमीचा गुण त्याच्या पातळ सालींत, वासांत व केशरी गरांत उतरतो. कापण्यापूर्वीं दोहोंतला भेद ओळखणें जाणत्यासहि नेहमीं साधतेंच असें नाहीं. मग चित्र पाहून खरेदी करणाऱ्याची कथा काय?

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कर्नाटकांतील हापूस हा कांहीं नकली आंबा नव्हे. तोहि शेतकऱ्यानें घाम गाळून पिकविलेलें फळ आहे, आणि आपल्या नांवानें व आपल्या भावानें विकला गेल्यास त्यांत कोणाचीच फसवणूक नाहीं. खोटेपणा फळांत नसून पेटीवरील अक्षरांत आहे. आफ्रिकेंतील मलावी देशाचा हापूस अलीकडे नोव्हेंबर-डिसेंबरांत वाशीच्या फळबाजारांत येतो. त्याचीं मूळ कलमें कोंकणांतलींच. परंतु तो ‘मलावी’ म्हणूनच विकला जातो व घेणारे तो तसाच समजून घेतात. देवगडचें नांव लावून कर्नाटकाचा आंबा विकणारा मात्र दोघां शेतकऱ्यांस एकाच वेळीं लुबाडतो : एकाचें नांव चोरतो, आणि दुसऱ्याला स्वतःचें नांव कधीं मिळूंच देत नाहीं.

आतां या लबाडीचा परिणाम कसा होतो तें हिशेबानेंच पाहूं. समजा, खऱ्या देवगड हापूसचा डझन विक्रेत्यास सर्व खर्चासह १,२०० रुपयांस परवडतो, आणि नांव बदललेला डझन ७०० रुपयांस. बाजारांत दोन्ही निम्मेनिम्मे आहेत, व ग्राहकाला त्यांतला भेद कळत नाहीं. तेव्हां शहाणा ग्राहक मनांत सरासरी काढतो आणि ९५० रुपयांपुढें जात नाहीं. या भावानें खऱ्या विक्रेत्याचें डझनामागें २५० रुपयांचें नुकसान होतें, व लबाडाला तितकाच फायदा. पुढील वर्षीं खरा विक्रेता त्या बाजारांतून निघून जातो. मग सरासरी आणखी खालीं येते, आणि अखेर त्या नांवाखालीं खोटाच माल काय तो उरतो. हलकें नाणें चोख नाण्यास व्यवहारांतून हांकून लावतें, हा ग्रेशमच्या नांवानें प्रसिद्ध असलेला नियम आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. मालाच्या बाबतींत तसेंच कां घडतें याची उपपत्ति जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजाराचें उदाहरण घेऊन मांडली, व २००१ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या तिघांत तो होता. सारांश, खऱ्या विक्रेत्याचा खरा शत्रु स्वस्ताई हा नसून ग्राहकाचें अज्ञान हा आहे.

यावरून पहिला बोध असा कीं, प्रामाणिक विक्रेत्यानें लबाडाशीं किंमतीची शर्यत लावूं नये. त्या शर्यतींत तो हरणारच. आणि हरूं नये म्हणून जर त्यानें पेटीच्या तळाशीं चार हलकीं फळें घातलीं तर तो जिंकूनहि हरला. त्याची सर्व शक्ति एकाच गोष्टीकडे लागली पाहिजे : आपलें खरेपण, न पाहणाऱ्यालाहि, दिसेल असें करणें.

कोंकणांतील बागायतदारांनीं केलेला उद्योग या दृष्टीनें अभ्यासण्यासारखा आहे. २०१८ च्या ऑक्टोबरांत कोंकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालें. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पांच जिल्ह्यांतील फळाचा त्या नांवावरील हक्क कायद्यानें मान्य झाला. परंतु हक्क कागदावर मिळाल्यानें पेटीवरचीं खोटीं अक्षरें पुसलीं गेलीं नाहींत. म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनें २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर ‘टीपी सील यूआयडी’ या नांवाची चिकटपट्टी लावण्याची पद्धति सुरू केली. प्रत्येक पट्टीवरचा अंक निराळा. ग्राहकानें तिचें छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवावयाचें, आणि पट्टी फाडल्यावरच दिसणारा अंकाचा भाग विचारला म्हणजे तो सांगावयाचा. दोन्ही जुळले कीं फळ कोणाच्या बागेंतलें व कोणत्या गांवचें हें कळतें. पट्टीची नक्कल केली तरी झांकलेला अंक नक्कल करणाऱ्यास ठाऊक नसतो, आणि एकदां फाडलेली पट्टी दुसऱ्या फळास उपयोगी पडत नाहीं. शिवाय बागायतदाराच्या झाडांच्या मानानेंच त्याला पट्ट्या मिळावयाच्या, अशी योजना आहे. या शेवटच्या अटीचें मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. शंभर झाडांचा धनी पांचशें झाडांचे आंबे विकूं लागला तर तो बाहेरचा माल आपल्या नांवाखालीं खपवितो हें उघड आहे. म्हणजे संस्थेनें परक्या लबाडाइतकाच घरच्या मोहाचाहि विचार केला. सोन्याच्या दागिन्यांच्या बाबतींत हें तत्त्व आपल्या अंगवळणीं पडलेलेंच आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळखक्रमांक असावा लागतो, आणि तो ताडून पाहिल्यावांचून जाणती गृहिणी सराफास पैसे देत नाहीं. दागिन्याला जो न्याय, तो फळाला, रेशमाला किंवा औषधाला कां नसावा ?

दुसरा उपाय याहून कठीण, पण अधिक टिकाऊ आहे. तो म्हणजे आपल्या मालाचा दोष आपणच आधीं सांगणें. हापूसमध्यें साका होतो. वरून निर्दोष दिसणारें फळ कापल्यावर आंतला गर पांढुरका व आंबूस निघतो. हा निसर्गाचा दोष आहे, विक्रेत्याचा नव्हे. तो टाळण्यासाठींच दापोलीच्या कृषि विद्यापीठानें नीलम व हापूस यांच्या संकरानें ‘रत्ना’ ही जात काढली. जो विक्रेता आरंभींच लिहितो कीं, ‘डझनांत एखादें फळ साक्याचें निघूं शकतें, निघाल्यास छायाचित्र पाठवा, बदली फळ देऊं’, त्याचें एक फळ जातें पण ग्राहक राहतो. लबाड असें लिहूं शकत नाहीं, कारण त्याला पुढच्या वर्षीं त्याच दाराशीं यावयाचें नसतें. वजन, फळांची संख्या, तोडणीचा दिवस, बागेचें गांव आणि ज्याच्याशीं बोलतां येईल असा मनुष्य, या पांच गोष्टी सांगावयास प्रामाणिकास कांहीं खर्च नाहीं. अप्रामाणिकास मात्र त्यांतील प्रत्येक गोष्ट जड जाते. फुगविलेल्या स्तुतीनें किंवा आपल्याच माणसांकडून लिहविलेल्या अभिप्रायांनीं हें काम होत नाहीं.

तिसरा उपाय कायद्याचा. २०२० च्या जुलैंत ऑनलाइन व्यापारासंबंधीं जे नियम लागू झाले, त्यांप्रमाणें विक्रेत्यानें ग्राहकाचें सोंग घेऊन स्वतःच्या मालाची शिफारस लिहावयाची नाहीं, आणि माल सदोष, नकली किंवा जाहिरातींत वर्णिल्याहून निराळा निघाल्यास तो परत घेण्यास नकार द्यावयाचा नाहीं. तक्रारीची पोंच ४८ तासांत व निकाल एका महिन्यांत, अशी मुदत त्यांत घातली आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीकडे तक्रार नोंदवितां येते. भौगोलिक मानांकनाचें खोटें नांव लावणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व किमान ५०,००० रुपये दंड, अशी शिक्षा १९९९ च्या कायद्यांत आहे. परंतु एकटा बागायतदार मुलुंडच्या फाटकावरील टेंपोमागें धांवूं शकत नाहीं. संस्था, तालुका, सहकार यांच्या बळावरच तें शक्य होतें, आणि तेंहि ग्राहकानें तोंड उघडलें तरच.

येथेंच आम्हांस आमच्या वाचकवर्गाशीं दोन शब्द स्पष्ट बोलावयाचे आहेत. नकली माल केवळ फसलेल्या ग्राहकांच्या जिवावर चालतो असें नाहीं. जाणूनबुजून घेणारेहि पुष्कळ असतात. ‘एवढ्या भावांत देवगडचा मिळणार नाहीं, हें काय आम्हांला कळत नाहीं ? पण पेटीवर नांव आहे ना !’ असें म्हणून लेकीच्या सासरीं किंवा वरिष्ठांच्या घरीं पेटी धाडणारे सुशिक्षित गृहस्थ आमच्या पाहण्यांत आहेत. अशा वेळीं फसविणारा व फसणारा यांमध्यें आपण कोणत्या बाजूला उभे राहिलों, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. अक्षय्य तृतीयेच्या पानांत वाढलेला आमरस कर्नाटकाचा असला म्हणून नैवेद्यास उणेपणा येत नाहीं; तो देवगडचा म्हणून पंक्तींत सांगितला तर मात्र घरांतल्या मुलांना आपण काय शिकविलें ?

आणि ज्यास एवढा खर्च झेपत नाहीं त्यानें संकोच कशाला करावा ? कर्नाटकाचा हापूस त्याच्या नांवानें व त्याच्या भावानें मागावा. पायरी घ्यावी, रत्ना घ्यावा. एकत्र कुटुंबांत दहापंधरा माणसांना पुरेल इतका आंबा आणणें ही लहान बाब नव्हे. देवगडचें एक डझन खरें घेऊन बाकीची भूक दुसऱ्या खऱ्या फळावर भागविणें, हें तीन डझन खोट्या नांवापेक्षां केव्हांहि बरें.

तेव्हां येत्या हंगामांत पेटी मागविण्यापूर्वीं विक्रेत्यास गांव विचारावें, फळावरची पट्टी पहावी व निदान एका फळाची तरी ताडून पहावी. साका निघाल्यास रागावण्याआधीं कळवावें, आणि नांव खोटें निघाल्यास भिडेखातर गप्प बसूं नये. ज्यानें खरें दिलें त्याचें नांव शेजारच्या चार बिऱ्हाडांत सांगावें. प्रामाणिक विक्रेत्याला लबाडाइतकी जाहिरात परवडत नाहीं. त्याची जाहिरात म्हणजे तृप्त ग्राहकाचा शब्द, आणि तो देणें आपल्या हातचें आहे.