धवळे, धवलारीण आणि मराठीचे विभाग

'संगीताची सामाजिक शक्ती' असा विषय चर्चासत्राला ठेवला की पुढे काय होणार, हे आता आम्हांला पाठ झाले आहे. बीजभाषक नादब्रह्माचा उल्लेख करतात. दुसरे वक्ते भीमसेन जोशी आणि कुमार गंधर्व यांच्या मैफलींच्या आठवणी सांगतात. जेवणानंतरच्या, निम्म्या रिकाम्या सभागृहात कोणीतरी 'लोकगीतांतील स्त्रीजीवन' नावाचा निबंध वाचतो. वाचतो, गात नाही. कुमारांचे गाणे आम्हांलाही जीव की प्राण आहे, तेव्हा भांडण त्या प्रेमाशी नाही. भांडण आहे ते त्या प्रेमाला सुसंस्कृतपणाचा दाखला म्हणून मिरवणाऱ्या, आणि जिथे गाण्यावाचून समाजाचे पानही हलत नाही तिथे नेमके कान झाकून घेणाऱ्या मराठीच्या अध्यापकवर्गाशी.

आपल्याच अभ्यासक्रमातले उदाहरण घेऊ. महदाइसेचे 'धवळे' एम. ए.ला वर्षानुवर्षे शिकवले जातात. तेराव्या शतकाचा उत्तरार्ध, ऋद्धिपूर, गोविंदप्रभूंच्या विवाहाचा तो विलक्षण खेळ, रुक्मिणीस्वयंवराची कथा, 'मराठीची आद्य कवयित्री' ही पदवी: एवढे लिहिले की गुण मिळतात. धवळे हे लग्नात गायचे गीत, हे वाक्य प्रस्तावनेत एकदा येते आणि तिथेच संपते. ते कसे गात असतील, कोण गात असेल, ऐकणारे काय करत असतील, असा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आम्ही पाहिलेला नाही.

आणि त्या वर्गात बसलेली मुले येतात कुठून? कसारा लोकलने खर्डी, आटगाव, आसनगावकडून, मुरबाडच्या एस. टी.ने. ठाणे-पालघर-रायगडच्या पट्ट्यात आगरी घरांतल्या लग्नाला धवलारीण लागते, वारल्यांच्या लग्नाला धवलेरी लागते. ती देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाचे आमंत्रण गाऊन देते. तिने ओळ टाकायची, सोबतच्या बायांनी ती झेलायची. चाल मोजक्या स्वरांत फिरते, पुन्हा पुन्हा त्याच जागी येते, आणि विधी त्या चालीच्या गतीने सरकतो. वारल्यांत तर पुरोहिताचे काम तीच करते. म्हणजे गाणे हा तिथे लग्नाचा शृंगार नाही, लग्न लावण्याचे साधन आहे. संगीताच्या सामाजिक शक्तीचा याहून रोकडा पुरावा कोणत्या चर्चासत्राला हवा आहे?

धवळा आणि धवलारीण यांतले नामसाम्य न दिसायला आंधळेपण लागत नाही, प्रशिक्षण लागते. ते आपण विद्यार्थ्यांना देतो. जिच्या आजीला रात्रभराचे धवले मुखोद्गत आहेत अशी मुलगी महदाइसेवर दहा गुणांचे उत्तर 'गाइडा'तून पाठ करते, आणि घरी जे ऐकले ते या उत्तरात लिहायचे असते हे तिला कोणी सांगत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: ते लोकसंगीत, शास्त्र वेगळे. शास्त्रच काढायचे तर काढू. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' रचला. त्याच्या प्रबंधाध्यायात 'धवल' हा प्रबंध लक्षणांसह नोंदलेला आहे. शार्ङ्गदेवाचा धवल आणि आजच्या मांडवातला धवला एकच, असा दावा आम्ही करत नाही. सातशे वर्षांत चाली किती बदलल्या असतील हे कळण्याइतकी अक्कल आम्हांला आहे. पण एकाच शतकात, एकाच राज्यात, एक नाव शास्त्रग्रंथात आहे, एका बाईच्या रचनेला आहे, आणि आजही लग्नघरात आहे. एवढ्यावर दुसऱ्या एखाद्या भाषेत ग्रंथांच्या रांगा लागल्या असत्या. आपल्याकडे 'शास्त्रीय' आणि 'लोक' अशी दोन कपाटे आहेत आणि किल्ल्या वेगवेगळ्या विभागांकडे आहेत.

डीजेने सगळे बुडवले, असे रडगाणेही आता नको. डीजेचा आवाज मांडवाबाहेर असतो. धवलारणीला आधी गप्प केले ते 'हे अडाण्यांचे गाणे' या शिकलेल्या नजरेने, आणि ती नजर शाळा-कॉलेजांतूनच गावात गेली. प्रजासत्ताक दिनाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात पोरांना तारपा नाचायला लावून त्या नजरेचे प्रायश्चित्त होत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास ऋद्धिपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. दोन्ही गोष्टींचा आनंद आहे. प्राचीनत्वाचे पुरावे आपण शिलालेखांत आणि पोथ्यांत शोधले, ते योग्यच. आता एक पुरावा सत्तरीच्या घरात आहे, तिला दम लागतो, आणि तिच्यामागे ओळ झेलायला बाया कमी उरल्या आहेत.

तेव्हा मागणी साधी आहे. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आहेत. ते ग्रंथालयाच्या भेटीवर उधळू नयेत. मध्ययुगीन साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत धवळ्यांसोबत धवले ऐकणे सक्तीचे करावे. विद्यार्थ्याने आपल्या गावातले ध्वनिमुद्रण, गाणाऱ्या बाईच्या संमतीने, चालीच्या आणि विधीच्या नोंदींसह सादर करावे. धवलारणीला वर्गात बोलवावे, आणि अतिथी व्याख्यात्याला जे मानधन देतो तेच, त्याच व्हाउचरवर, तिला द्यावे. सहीच्या जागी अंगठा आला तर लेखाविभाग हरकत घेईल. ती हरकत विभागप्रमुखांनी निस्तरावी.