लक्ष्मीच्या पाटावरील जुना रुपया

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी पूजेच्या पाटावर केरसुणी, धने-गूळ व हिशेबाच्या वह्यांशेजारी आजेसासूबाईंच्या वेळचा एखादा चांदीचा रुपया मांडण्याची चाल आपल्याकडे अनेक घरी आहे. गडचिरोली-चांद्याच्या अरण्यप्रदेशात तर असे रुपये ओवून केलेल्या माळा आदिवासी स्त्रियांच्या गळ्यात शोभत आल्या आहेत. हे नाणे दुर्मिळ तर नसेल, त्याची तज्ज्ञांकडून प्रतवारी करून घ्यावी काय, असा प्रश्न आता घरोघरी विचारला जातो. त्याचा विचार पूजेपूर्वीच व्हावा, असे आम्हांस वाटते.

कारण पूजेच्या आदल्या दिवशीच चिंच व राख लावून रुपया लखलखीत केला जातो. प्रतवारी करणारे तज्ज्ञ 1 ते 70 अशा अंकांत नाण्याची अवस्था ठरवितात. त्यांच्या दृष्टीने घासलेले नाणे म्हणजे जखमी नाणे. भक्तिभावाने केलेली ही स्वच्छता बाजारात मात्र दोष ठरते.

शिवाय जुने ते सारे दुर्मिळ नव्हे. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावरील 1862 हे साल पुढे 1874 पर्यंतच्या टाकसाळीच्या मालावर तसेच राहिले. म्हणून तो रुपया विपुल आढळतो. उलट सहाव्या जॉर्जचा 1939 सालचा रुपया फारच थोडा चलनात आला, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही उदंड निघाल्या. तेव्हा प्रथम वजन पाहावे. अस्सल रुपया सुमारे 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा भरतो. मग साल व छाप जाणकारास दाखवावेत. नाणे अस्सल, दुर्मिळ व अस्पर्शित, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच प्रतवारीचा खर्च सार्थकी लागतो. माळेसाठी भोक पाडलेल्या वा टाका लावलेल्या रुपयावर तो खर्च करू नये. त्याचे मोल ज्या गळ्यात तो शोभला, तेथेच आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे प्रतवारीसाठी परदेशी धाडणे तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याने खासगी व्यक्तीस निषिद्धच आहे.

नांगराच्या फाळाला लागलेल्या नाण्यांची गोष्ट मात्र निराळी. 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या भूमिगत ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. हा केवळ सरकारी जाच नव्हे. 1939 साली वऱ्हाडातील तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या पोटिन या मिश्रधातूच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचला, तेव्हा पुराणांतही नसलेली कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी राजांची नावे उजेडात आली. तीच नाणी एकेक करून विकली वा वितळविली गेली असती, तर ही नावे कोणास कळली असती? चांद्याच्या भूमीतही सातवाहनांची नाणी निघालेली आहेत. तेव्हा आपल्या शेतकऱ्यांनी हे विसरू नये.

वाचकहो, यंदा पाटावरचा रुपया घासू नका. मऊ वस्त्रात गुंडाळलेला तो तसाच काढा, कडेने धरा, हळदकुंकू त्याच्यावर न वाहता त्याच्यापुढे वाहा. लक्ष्मीला झळाळीपेक्षा जपणूक अधिक प्रिय असावी, असा आमचा विश्वास आहे.