टाच दुखते तिला बसायला स्टूल द्या

मी हर्सूलला राहते आणि गुलमंडीत एका कापड दुकानात साड्या दाखवते. दिवसभर फरशीवर उभं राहायचं. सकाळी पहिलं पाऊल टेकलं की टाचेत कळ येते, चार पावलं चालल्यावर ओसरते, संध्याकाळी पुन्हा ठणका. आमच्याकडे बायका याला वात म्हणतात नि तेल चोळत बसतात. दुखत असतो तो टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत गेलेला तळव्याचा जाड पट्टा. डॉक्टर त्याला प्लांटार फॅसिआयटिस म्हणतात. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं तरी घाबरू नका, तसं हाड न दुखणाऱ्या पायांतही सापडतं.

उठण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, बोटं नडगीकडे ओढून दहा अंक मोजावेत, असं दहादा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी. घरातही मऊ चप्पल हवी. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात जातं, पण हे सगळं नेटाने करावं लागतं. नवरात्रात आमच्या हर्सूलच्या हरसिद्धी मातेच्या दर्शनाला अनवाणी निघणाऱ्या मैत्रिणींना मी सांगते, टाच दुखत असेल तर रस्त्याने चप्पल घालून चला, देवी रागावणार नाही.

पण पुढे दिवसभर उभंच राहायचं असेल तर नुसता व्यायाम किती पुरणार? केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देण्याची तरतूद कायद्यात केली. गिऱ्हाईक नसताना टेकायला प्रत्येकीला एक स्टूल, एवढंच आमचं मागणं आहे. दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी मालकांनी ते दुकानात आणून ठेवावं.