मशीनचा जिना : आधी थांबायला शिका

आमच्या वस्तीला लागून असलेल्या व्यायामशाळेत जिना चढण्याचे मशीन आले आहे. सरकत्या जिन्यासारख्या त्याच्या पायऱ्या फिरत खाली येतात आणि माणूस जागच्या जागी चढत राहतो. वस्तीतल्या मुलांबरोबर मुली आणि बायाही आता तिथे जाऊ लागल्या, याचा आम्हाला आनंद आहे. पण पहिल्या दिवशी होणाऱ्या चुकांबद्दल बोलणे भाग आहे.

आमच्यातली एक ताई चार घरची धुणीभांडी करते. रोज कितीतरी मजले चढते. "जिना काय मला नवा आहे?" म्हणत ती मशीनवर चढली. शिकवणाऱ्याने बटण दाबून दिले आणि तो फोनवर बोलत निघून गेला. वेग वाढला, थांबवायचे कसे ते ताईला कळेना. तिने घाबरून उडी टाकली. पाय मुरगळला, पंधरा दिवस काम बुडाले आणि तेवढा पगार कापला गेला.

यात ताईची चूक आहे असे आम्ही मानत नाही. इमारतीच्या जिन्यावर दमलो तर आपण उभे राहू शकतो. मशीनचा जिना मात्र आपण थांबलो तरी खाली येतच राहतो. एवढा एक फरक तिला कोणी सांगितला नव्हता. म्हणून आमचे म्हणणे असे की, पहिला दिवस घाम गाळण्याचा नाही, मशीन समजून घेण्याचा आहे.

आधी थांबवण्याचे बटण कुठे आहे ते पाहा. मशीन बंद असतानाच दोन्ही कठडे धरून चढा. सर्वांत कमी वेगावर सुरू करा आणि लगेच एकदा थांबवून बघा. पूर्ण पाऊल पायरीवर टेकवा, टाच बाहेर लटकू देऊ नका. पाठ सरळ, नजर समोर. हात कठड्यावर हलकेच ठेवा. सगळा भार हातांवर टाकून ओणवे झालात तर मनगट आणि कंबर दुखते, पायांना व्यायामही होत नाही. ओढणी, पदर, बुटाची सुटलेली नाडी सांभाळा. चप्पल नको, बूट महागडे नसले तरी चालतील, तळवा घसरणारा नको. मोबाईल बाजूला ठेवा. पहिल्या दिवशी पाच मिनिटे पुरे. बोलताना वाक्य पुरे होत नसेल तर वेग जास्त आहे असे समजा. उतरताना मशीन पूर्ण थांबू द्या, मग कठडा धरून एकेक पाऊल मागे टाका.

छातीत दुखले, चक्कर आली, गुडघ्यात कळ आली तर तिथेच थांबा. बीपी, शुगर, हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारावे. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बराच आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला अति श्रमाने आणि पाणी कमी पडल्याने असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय या मशीनवर चढूच नये. जे केवळ वाहक आहेत त्यांनीही भरपूर पाणी प्यावे, एकदम जोर लावू नये. तपासणी केली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्यावी.

शिकवणाऱ्यांना आमचे सांगणे आहे : नवीन माणूस मशीनवर असेल तेवढी पाच मिनिटे त्याच्या शेजारी उभे राहा. फी घेता, तर हे तुमचे कामच आहे. आणि आपल्या माणसांना सांगणे : "मला येत नाही, दाखवा" म्हणायला लाजू नका. शेजारचा भराभर चढतो म्हणून आपण वेग वाढवायचे कारण नाही.

शेवटी एक गोष्ट. जिचे पाय दिवसभर जिनेच चढतात, तिला संध्याकाळी पुन्हा जिना हवाच असे नाही. तिला विश्रांती आणि पोटभर सकस जेवण जास्त गरजेचे आहे. हे मशीन बसून काम करणाऱ्यांच्या जास्त उपयोगाचे. कोणाला काय हवे ते मशीनची हौस बघून ठरवू नका, स्वतःच्या शरीराला विचारून ठरवा.