काचेचे महाल कोणाच्या खर्चाने?

मुंबईच्या दमट उकाड्यात चोहोबाजूंनी काचेत कोंडलेली इमारत उभारावयाची, सूर्यास आत घ्यावयाचे आणि त्याचा ताप बाहेर हुसकावण्याकरिता दिवसभर वातानुकूलन यंत्रे चालवावयाची, यास आपल्या शहरात आधुनिकता म्हणतात. गिरगावातील जुन्या चाळींचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तेथील अडचणी ज्यांनी सोसल्या ते तसे करणारही नाहीत. परंतु भिंतीवर थेट ऊन पडू नये म्हणून पुढे सज्जा काढावा, एवढे शहाणपण त्या बांधणाऱ्यांस होते.

देशात खपणाऱ्या विजेपैकी सुमारे एक तृतीयांश वीज घरे व व्यापारी इमारती यांत खर्ची पडते. ती वाचविण्याचे उपाय अज्ञात नाहीत. छताचा जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो. नव्या धर्तीचा ३० ते ३५ वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. २०१५ पासून सरकारी योजनेतून एलईडी दिवे घरोघर पोहोचलेच की! पण दिवा बदलता येतो, भिंत बदलता येत नाही. आणि खरी मेख येथेच आहे. काच निवडतो इमारत बांधणारा. विजेचे देयक भरतो गाळेधारक. निर्णय ज्याच्या हाती त्यास तोशीस नाही, तोशीस ज्यास त्याच्या हाती निर्णय नाही. अशा ठिकाणी काटकसरीची आवाहने करून काय साधणार?

कायद्याची वाण नाही. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा आहे, २००७ पासून व्यापारी इमारतींची संहिता आहे, २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कक्षेत आल्या आहेत. उष्ण-दमट प्रदेशात उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावे, असे २०१८ ची इको-निवास संहिता सांगते. मात्र अशा संहितांत जीव येतो तो राज्याच्या अधिसूचनेने आणि महापालिकेच्या बांधकाम नियमांनी.

म्हणून आमची मागणी साधी आहे. अग्निशमनाच्या दाखल्याप्रमाणेच छत, भिंत व काच यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा हिशेब नकाशासोबत मागावा, आणि बांधकाम त्याबरहुकूम झाल्यावाचून भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. घरे महागतील, ही ओरड होईलच. खिडकीवर छज्जा आणि गच्चीवर पांढरा लेप यांत महागण्याजोगे काय आहे, ते ओरडणाऱ्यांनी आकडे मांडून सांगावे. ते आकडे आम्ही याच पानावर छापू.